नोडवर प्रोफायलर बसवला, एररही नाही, तरी ग्राफ कोरा? या क्रमाने तपासा

"दादा, एजंट टाकलाय, लॉगमध्ये एरर नाही, पण ग्राफमध्ये काहीच दिसत नाहीये." पुण्यात बाणेर, खराडी, हिंजवडी, टीम कुठलीही असो, गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तपासायचा क्रम आता ठरून गेलाय. नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड-जेएस. प्रोफायलर म्हणजे सेकंदाला अनेकदा डोकावून 'आत्ता कुठलं फंक्शन चालू आहे' याचा नमुना घेणारं साधन. ॲपमध्ये बसणारा त्याचा भाग तो एजंट, आणि नमुन्यांवरून निघणारा ग्राफ तो फ्लेमग्राफ, ज्या फंक्शनचे नमुने जास्त त्याचा पट्टा जाड. नोडच्या ॲपवर प्रोफायलर कायमचा चालू ठेवणं, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये, खरे युजर असलेल्या सर्व्हरवर, चोवीस तास नमुने घेत राहणं, हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. ॲप पहाटे अडकलं तर पहाटेचाच पुरावा हवा. दुपारी लॅपटॉपवर ते पुन्हा घडवायला गेलात तर घडत नाही. पण प्रोफायलर अर्धवट बसला असेल तर पुरावा आहे असं वाटत राहतं आणि ऐन वेळी हाती काही लागत नाही.

लक्षणं

- ॲपचं नावच यादीत नाही, किंवा आहे पण ग्राफ कोरा.
- ग्राफ येतो, पण जवळजवळ सगळा 'आयडल', म्हणजे रिकामा बसलेला. त्याच वेळी युजरचे तक्रारीचे फोन चालू.
- फंक्शनांच्या जागी एकेक अक्षर, नाहीतर नुसतं 'ॲनॉनिमस'.
- रात्रीच्या जॉबचा मागमूस नाही.
- सर्व्हरवर सीपीयू ३०० टक्क्यांच्या वर, ग्राफ मात्र शांत.
- अगदी साधी फंक्शनं विनाकारण जाड दिसतात.

पहिली चार लक्षणं बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतात. शेवटच्या दोन्हींना वेळ लागतो आणि त्यांवरच खाली जास्त लिहिलंय.

सगळ्यात आधी: गिरणी चालवा

काहीही तपासण्याआधी मी ॲपमध्ये एक फंक्शन टाकतो. ते दर १० सेकंदांनी २०० मिलिसेकंद नुसती बेरीज-गुणाकार करत फिरतं. त्याचं नाव मी 'गिरणी' ठेवतो, तेही देवनागरीत. जावास्क्रिप्टला फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, आणि इंग्रजी नावांच्या गर्दीत ते लगेच डोळ्यात भरतं. एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल (बाहेरून दिलेलं सेटिंग) लावलं तरच ते चालेल असं करा आणि एकाच इन्स्टन्सवर (ॲपच्या एकाच चालू प्रतीवर) चालवा, कारण ते दळत असताना त्या प्रोसेसवरच्या सगळ्या रिक्वेस्ट २०० मिलिसेकंद खोळंबतात. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, केलंत तर उत्तमच.

यामागचं गणित सोपं आहे. १० सेकंदांत २०० मिलिसेकंद म्हणजे २ टक्के. प्रोफायलर सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर मिनिटाच्या ६००० नमुन्यांत साधारण १२० गिरणीचे असायला हवेत. असले तर प्रोफायलर नीट बसलाय, प्रश्न ॲपमध्ये शोधा. नसले तर ॲपकडे बघूच नका, जोडणीत चूक आहे. या एका पायरीने माझे अनेक तास वाचलेत. गिरणी न चालवता लोक थेट कोड ऑप्टिमाइझ करायला बसतात, आणि तेही भलत्याच प्रोसेसच्या ग्राफवरून.

१. घड्याळ आणि ड्रॉपडाउन

याला एक पैसा लागत नाही. तुम्ही कुठल्या वेळेचा ग्राफ बघताय? सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीत असतात, ब्राउझरमधला ग्राफ भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. इथल्या पेठांमधल्या एका अभ्यासिकेसाठी आमच्या ओळखीच्या टीमने सीट बुकिंगचं ॲप केलं होतं. महिन्याच्या १ तारखेला सकाळी ७ वाजता बुकिंग उघडतं आणि एमपीएससीची मुलं एकदम तुटून पडतात. त्यांच्या डॅशबोर्डवर टाइमझोन यूटीसी होता. टीम '७ वाजताचा' ग्राफ म्हणून जे बघत होती ते दुपारचे साडेबारा होते, तेव्हा ॲपवर कोणी नसायचं. खरा गोंधळ रात्रीच्या दीडच्या खाली पडला होता. या ॲपकडे आपण परत येऊ, कारण त्याचा मूळ आजार वेगळाच निघाला.

त्याच स्क्रीनवर कुठला प्रकार निवडलाय तेही बघा. मेमरीचा ग्राफ उघडून सीपीयू शोधणारे मी पाहिलेत.

२. एजंट खरंच सुरू झालाय का, आणि कुठे पाठवतोय

पायरोस्कोप या प्रोफायलरच्या नोड एजंटमध्ये 'इनिट' आणि 'स्टार्ट' या दोन वेगळ्या हाका आहेत. इनिट केलं आणि स्टार्ट राहिलं तर एरर येत नाही, डेटाही येत नाही. सीपीयूची वेळ मोजायचा पर्यायही वेगळा चालू करावा लागतो, आपोआप मिळते ती वॉल टाइम, म्हणजे घड्याळाची वेळ. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

मग पत्ता. कंटेनरमधून (ॲप ज्या बंदिस्त डब्यात चालतं त्यातून) 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच मशीन', म्हटलं की तो कंटेनर स्वतःशीच बोलतो. लॅपटॉपवर ४०४० पोर्टवर सगळं झकास चालतं आणि डिप्लॉय केलं की शांतता, यामागे बहुतेकदा हेच असतं. कंटेनरच्या आत शिरून त्या पत्त्यावर एक साधी रिक्वेस्ट मारा. आपल्या लॅपटॉपवरून मारू नका, तुमचा रस्ता व्हीपीएनमधून जातो आणि सर्व्हरचा जात नाही.

यातलीच एक फसवी चूक म्हणजे एजंट आधी सुरू होतो आणि सेटिंग्जची डॉट-एनव्ह फाइल नंतर वाचली जाते. त्यामुळे पत्ता 'अनडिफाइंड'. नव्या मॉड्यूल पद्धतीत 'इम्पोर्ट' आपोआप वर उचलले जातात, त्यामुळे फाइलमध्ये ओळ वर लिहिली म्हणजे ती आधी चालेल असं नाही. प्रोफायलरची स्वतंत्र छोटी फाइल करा आणि नोडच्या 'इम्पोर्ट' किंवा 'रिक्वायर' फ्लॅगने ती ॲपच्या आधी लोड करा. व्हेरिएबल शक्यतो कंटेनरच्या सेटिंगमधूनच द्या.

३. नेमकी कुठली प्रोसेस?

कोऱ्या किंवा आयडल ग्राफचं सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. नोडचं जावास्क्रिप्ट एका प्रोसेसमध्ये एकाच मुख्य थ्रेडवर चालतं, म्हणून सगळे कोअर वापरायला आपण क्लस्टर करतो, म्हणजे एकाच ॲपच्या अनेक प्रोसेस चालवतो. क्लस्टरमधली मुख्य प्रोसेस नुसती वाटणी करते, काम वर्कर करतात. एजंट 'मी मुख्य आहे का' या अटीच्या आत लिहिला असेल तर तुम्ही कामवाल्यांना सोडून मुकादमाचा ग्राफ काढताय. वर्कर थ्रेड्स वापरत असाल तर प्रत्येक थ्रेडचं व्ही-८ इंजिन स्वतंत्र असतं, तिथेही प्रोफायलर वेगळा सुरू व्हायला लागतो.

सर्व्हरवर प्रोसेसची यादी काढा, जास्त सीपीयू खाणाऱ्या प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे तिचा नंबर, घ्या आणि एजंटने सुरुवातीला लॉगमध्ये लिहिलेल्या पीआयडीशी जुळवून बघा. लिहीत नसेल तर ती एक ओळ आजच टाका. जोडीला प्रत्येक प्रोफाइलवर व्हर्जन आणि इन्स्टन्सचं लेबल लावा. नाहीतर नवं डिप्लॉय आणि जुनं डिप्लॉय एकाच ग्राफमध्ये कालवलं जातं आणि 'कालपासून काय बदललं' या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

४. प्रोसेस डेटा पाठवायच्या आधीच मरते का?

एजंट नमुने साठवतो आणि ठरावीक काळाने एकदम पाठवतो. २० सेकंदांत संपणारा क्रॉन जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, तोवर निघून गेलेला असतो. अशा जॉबला कायमचा एजंट लावायच्या फंदात पडू नका. नोड १२ पासून सीपीयू-प्रॉफ हा फ्लॅग आहे, तो लावा, प्रोसेस संपताना फाइल लिहिली जाते आणि ती क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये उघडते.

पण 'संपताना' म्हणजे नीट संपताना. कंटेनर थांबवताना डॉकर आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरून बंद हो' असा निरोप, पाठवतो, १० सेकंद थांबतो आणि मग सिगकिलने मारतो. नोड कंटेनरमध्ये पीआयडी १, म्हणजे पहिली प्रोसेस, असेल आणि तुम्ही सिगटर्म हाताळला नसेल तर ती ते ऐकतच नाही, सिगकिल खाते आणि फाइल लिहिली जात नाही. सिगटर्म आल्यावर सर्व्हर बंद करून स्वतःहून एक्झिट करणाऱ्या चार ओळी लिहा. त्या तशाही असायलाच हव्यात.

५. नावं ओळखू येत नाहीत

गिरणीच्या जागी एखादं अक्षर दिसलं तर बंडलरने, म्हणजे कोड एकत्र बांधणाऱ्या साधनाने, नावं आखूड केलीत. नोडचा सोर्समॅप (आखूड नावांवरून मूळ नावं सांगणारी फाइल) चालू करणारा फ्लॅग इथे पुरत नाही, तो एररच्या स्टॅकसाठी आहे. प्रोफायलरला सोर्समॅप वेगळे द्यावे लागतात आणि मुळात डॉट-मॅप फाइली इमेजमध्ये असाव्या लागतात. इमेज लहान करायच्या नादात त्या गाळलेल्या असतात. सर्व्हरच्या कोडची नावं आखूड करून फारसं काही मिळत नाही, तेव्हा मी सरळ मिनिफाय, म्हणजे हे आखूड करणं, बंद करतो.

६. साधी फंक्शनं जाड दिसतात

कंटेनरला सीपीयूची मर्यादा असेल तर लिनक्सचा कर्नल दर १०० मिलिसेकंदांत ठरलेला वाटा देतो. मर्यादा अर्ध्या कोअरची असेल तर वाटा ५० मिलिसेकंदांचा. तो संपला की उरलेला वेळ प्रोसेस गोठवली जाते, आणि त्या वाट्यातच मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरचे थ्रेडही खातात. घड्याळाची वेळ मोजणाऱ्या ग्राफमध्ये त्या क्षणी जे फंक्शन चालू होतं त्याच्या नावावर तो गोठलेला वेळ चढतो. बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

इथे गिरणी पुन्हा कामाला येते. वॉल टाइममध्ये ती २०० मिलिसेकंद दिसते आणि सीपीयू टाइममध्ये १००, तर अर्धा वेळ गोठण्यात गेला. खात्री करायला कंटेनरच्या सीग्रुपमधली (कर्नल जिथे या मर्यादा ठेवतो तिथली) सीपीयू-डॉट-स्टॅट फाइल उघडा. थ्रॉटल झाल्याचा, म्हणजे गोठवल्याचा, आकडा मिनिटभरात वाढताना दिसला की कोडला हात न लावता आधी मर्यादा वाढवून बघा.

७. ग्राफ आयडल, युजर हैराण

आता अभ्यासिकेचं ॲप. टाइमझोन सुधारला, वर्करवर एजंट लावला, गिरणी स्वच्छ दिसली. पुढच्या १ तारखेला सकाळी आम्ही सगळे लॅपटॉप उघडून बसलो. ७ वाजले, लॉगिन अडकायला लागले, पैसे भरायचं पान फिरत राहिलं, आणि ग्राफवर आयडलचा भलामोठा पट्टा. चार कोअरच्या मशीनवर, कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारा 'टॉप' मात्र त्या एका नोड प्रोसेसपुढे ३८० टक्के दाखवत होता.

एका थ्रेडला एका वेळी एकच कोअर मिळतो. म्हणजे ३८० टक्के असेल तर काम मुख्य थ्रेडबाहेर चाललंय. टॉपला थ्रेड दाखवायला सांगितलं, कॅपिटल 'एच' दाबून. एका ओळीऐवजी चार ओळी वर आल्या, चारही नव्वदीत, आणि मुख्य थ्रेड खाली कुठेतरी ५ टक्क्यांवर.

नोडच्या पोटात लिबयूव्ही या लायब्ररीचा थ्रेड पूल, म्हणजे मदतनीस थ्रेडचा ताफा, असतो, डीफॉल्ट ४ थ्रेडचा. फाइलींची कामं, झेडलिबचं कॉम्प्रेशन, पासवर्ड हॅश करणारी क्रिप्टोची असिंक फंक्शनं आणि होस्टनावावरून आयपी पत्ता शोधणारा डीएनएस लुकअप हे सगळं या चौघांत वाटलं जातं. व्ही-८ चा प्रोफायलर फक्त जावास्क्रिप्टचा थ्रेड बघतो, पूल त्याला दिसतच नाही. मुलं एकदम लॉगिन करत होती, प्रत्येक लॉगिनला पासवर्ड तपासायला बीक्रिप्टचा महागडा हॅश, आणि चारही थ्रेड त्यातच गुंतलेले. पेमेंट गेटवेचा पत्ता शोधायचा डीएनएस लुकअप त्याच रांगेत मागे उभा. म्हणून पैसे भरायचं पानही अडकत होतं, आणि टीम दोन महिने गेटवेवाल्यांशी भांडत होती.

हे ओळखायला नोडमध्येच दोन फुकटची मापं आहेत. पहिलं इव्हेंट लूप युटिलायझेशन, म्हणजे मुख्य थ्रेडवरचं एकेक काम उचलणारं चक्र किती वेळ गुंतलेलं होतं याचा ० ते १ मधला आकडा. १ जवळ असेल तर मुख्य थ्रेड खरंच दमलाय आणि फ्लेमग्राफ तुम्हाला गुन्हेगार दाखवेल. कमी असेल आणि तरी ॲप संथ असेल तर ते वाट बघतंय, पूलची, डेटाबेसची किंवा दुसऱ्या सर्व्हिसची. दुसरं इव्हेंट लूपचा विलंब, तो हिस्टोग्रामच्या रूपात मिळतो. आकडे नॅनोसेकंदांत येतात, मिलिसेकंदांसाठी १० लाखांनी भागा. ही दोन्ही मापं फ्लेमग्राफच्या शेजारी लावल्याशिवाय माझ्या मते प्रोफायलिंगची जोडणी पूर्णच होत नाही.

उपाय काय केला? सेशन लांबवलं, म्हणजे आदल्या दिवशी लॉगिन केलेल्यांना सकाळी पुन्हा करावं लागेना. लॉगिनची वेगळी प्रोसेस केली. पूलचा आकार यूव्ही-थ्रेडपूल-साइझ या व्हेरिएबलने वाढवता येतो, तोही थोडा वाढवला, म्हणजे लुकअप हॅशमागे अडकून राहत नाही. हे व्हेरिएबल नोड सुरू व्हायच्या आधी द्या. कोअर चारच असतील तर आकार वाढवून हॅशिंग वेगवान होणार नाही, हेही लक्षात असू द्या.

एक सूचना. बीक्रिप्टची निव्वळ जावास्क्रिप्टमधली लायब्ररीही मिळते. तिचं असिंक फंक्शन काम तुकड्यांत करतं, पण मुख्य थ्रेडवरच. तिथे हाच आजार ग्राफवर जाड पट्टा होऊन दिसतो. कुठली लायब्ररी आहे ते आधी बघा, मग ग्राफ वाचा.

८. 'अवेट'नंतर धागा तुटतो

शेवटचा गैरसमज. 'अवेट', म्हणजे जावास्क्रिप्टमधली उत्तराची वाट बघायची जागा, ओलांडून पुढे सरकलेलं काम फ्लेमग्राफमध्ये त्याला हाक मारणाऱ्या फंक्शनखाली दिसत नाही, नोडच्या आतल्या रांग उपसणाऱ्या फंक्शनखाली दिसतं. म्हणून एकच रिक्वेस्ट दोन-चार ठिकाणी विखुरते. हा बिघाड नाही. रुंदी म्हणजे नमुन्यांची संख्या आणि डावीकडून उजवीकडे जाणारा अक्ष म्हणजे वेळ नव्हे. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये फ्लेमग्राफ आणला तेव्हापासून असंच आहे. एका रिक्वेस्टचा प्रवास हवा असेल तर ट्रेसिंग, म्हणजे तिच्या प्रत्येक टप्प्याची नोंद, लावा.

इथे थांबा, जाणत्या माणसाला बोलवा

एजंट लावल्यापासून प्रोसेस सेगमेंटेशन फॉल्टने (मेमरीला चुकीच्या जागी हात लावल्याने) मरायला लागली, तर एजंट लगेच काढा. त्याचा नेटिव्ह भाग तुमच्या नोडच्या आवृत्तीशी किंवा अल्पाइन इमेजमधल्या मसल लायब्ररीशी जुळत नसावा. प्रॉडक्शनवर प्रयोग करत बसू नका.

मेमरी वाढतेय म्हणून प्रॉडक्शनवर हीप स्नॅपशॉट, म्हणजे ॲपच्या मेमरीची प्रत, घ्यायचा मोह होतो. स्नॅपशॉट घेताना प्रोसेस पूर्ण थांबते आणि हीपच्या दुपटीच्या आसपास मेमरी लागू शकते, म्हणजे कंटेनरच मरू शकतो. शिवाय त्या फाइलमध्ये युजरचे टोकन, फोन नंबर, सगळं उघडं असतं. ती फाइल ग्रुपवर टाकायची नसते. हे काम ज्यांच्याकडे डेटाची जबाबदारी आहे त्यांना विचारून, ट्रॅफिकमधून बाजूला काढलेल्या इन्स्टन्सवरच करायचं.

घाईत कोणी नोडचा इन्स्पेक्टर, म्हणजे डीबग करायचं दार, सगळ्या नेटवर्कवर उघडा ठेवला, ९२२९ पोर्टवर, तर तो तातडीने बंद करा आणि सिक्युरिटीच्या माणसाला कळवा. त्या पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. 'पाच मिनिटंच होतं' म्हणून लपवू नका.

लिनक्सचा 'पर्फ' किंवा ईबीपीएफवाला प्रोफायलर लागणार असेल, म्हणजे नेटिव्ह थ्रेडच्या आत बघायचं असेल, तर होस्टवर वाढीव परवानग्या लागतात. तो निर्णय प्लॅटफॉर्म टीमचा. आणि लूप मोकळा, पूल मोकळा, तरी प्रत्येक रिक्वेस्ट क्वेरीवर थांबलेली, तर डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, गाठा.

बोलवताना त्यांच्या हातात एवढं द्या: नोडची आवृत्ती, बेस इमेज, गिरणी दिसते की नाही, त्रासाच्या १५ मिनिटांचा लूप युटिलायझेशनचा आलेख, आणि थ्रेड दाखवणाऱ्या टॉपचा एक स्क्रीनशॉट. वेळ लिहाल तिथे आयएसटी की यूटीसी तेही लिहा.